सूर आहे, गज कुठाय?

मागच्या वर्षी एका हौशी नाटकाचं पार्श्वसंगीत करायला घेतलं होतं. प्रयोग सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात होता. शेवटच्या अंकात आई घरात एकटी उरते आणि दिवा लावते, एवढाच प्रसंग. तिथे दिग्दर्शकाला सारंगी हवी होती. सारंगीवादक बाहेरगावाहून बोलवायचा तर येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आमच्या बजेटात बसत नव्हतं. म्हणून लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सिंथेसायझर उघडला, ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा तयार आवाज निवडला, दरबारी रागाचे चार सूर वाजवून रेकॉर्ड केले आणि आमच्या गल्लीतल्या व्हायोलिनवाल्या काकांना ऐकवायला गेलो. काकांचं आयुष्य भजनी मंडळात आणि ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवण्यात गेलं. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि म्हणाले, “सूर आहे रे बाळा. पण गज कुठाय?”

गज म्हणजे व्हायोलिन, सारंगी ज्याने घासून वाजवतात ती केसांची कांडी. तेव्हापासून मी त्या गजाच्या मागे आहे. जे सापडलं ते इथे सांगतो, कारण घरी बसून संगीत करणाऱ्या बऱ्याच मंडळींचं असंच होतं. तयार आवाजांच्या यादीत सारंगी शोधण्यात रात्री जातात, आणि वादकाच्या उजव्या हाताकडे कुणाचं लक्षच जात नाही.

सुरुवात शहाबादी फरशीपासून करू. सोलापुरातल्या जुन्या घरांत ती हमखास असते. तिच्यावरून लोखंडी कॉट ओढली की कर्रर्र असा आवाज होतो. कॉटचा पाय फरशीला क्षणभर धरून राहतो, ताण वाढला की निसटतो, पुढे जातो, पुन्हा धरतो. गजाखाली तारेचं नेमकं हेच होतं. गजाला घोड्याचे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांवर राळ घासलेली असते. राळेचा गुण असा की तार स्थिर असताना ती घट्ट पकडते आणि एकदा घसरायला लागली की पकड ढिली होते. गज ओढला की केस तारेला सोबत घेऊन जातात, मग तार सुटून उलट दिशेला झेपावते, लगेच पुन्हा पकडली जाते. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेवर हे धरणं-सुटणं सेकंदाला १९६ वेळा होतं.

एवढे ठोके मिळून एक सूर कसा होतो, हे सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्याला समजवायला वेळ लागत नाही. यंत्रमागाचा ठोका सेकंदाला दोनेक वेळा पडतो म्हणून आपल्याला खटक-खटक ऐकू येतं. तोच ठोका सेकंदाला १९६ वेळा पडला असता तर त्या गल्लीतून खटखट ऐकू न येता मंद्रातला एक लांब स्वर ऐकू आला असता.

आता तार नेमकी हलते कशी? डोळ्यांना ती मधे फुगलेली, चातीसारखी दिसते. हा डोळ्यांचा भ्रम आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं. त्यांनी खास बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून तारेवरच्या एकाच बिंदूची हालचाल पाहिली. तेव्हा कळलं की कोणत्याही क्षणी तार म्हणजे दोन सरळ तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये एक टोकदार कोपरा असतो. हा कोपरा तारेवरून धावत घोडीपर्यंत (तारा ज्या उभ्या लाकडी पट्टीवर टेकतात तिथपर्यंत) जातो, तिथून उलटून बोटाकडे येतो, पुन्हा घोडीकडे. घोडीकडे जाताना तो गजाखालून गेला की तार निसटते, परत येताना गजाखालून गेला की पकडली जाते. म्हणजे कधी सोडायचं आणि कधी धरायचं याचा इशारा गजाला हा कोपराच देतो. व्हायोलिनच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ३३ सेंटिमीटर. त्या १९६ च्या तारेवर कोपऱ्याचा वेग ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वर जातो. एवढीशी तार, आणि तिच्यावर विमानासारखं काहीतरी येरझाऱ्या घालतंय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी काकांचं व्हायोलिन कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो होतो.

हेल्महोल्ट्झनंतर या विषयात सर्वांत मोठं काम केलेल्यांत आपले सी. व्ही. रामन आहेत. नोबेल १९३० मध्ये प्रकाशावरच्या कामासाठी मिळालं, म्हणून त्यांचं तारेवरचं काम झाकलं गेलं. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये त्यांनी गजाने वाजणाऱ्या तारांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. १९१८ मध्ये त्यावर त्यांचा सविस्तर ग्रंथ निघाला. माणसाचा हात दर वेळी सारखा चालत नाही, म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रच बनवलं आणि गजाचा वेग, दाब, घोडीपासूनचं अंतर एकेक बदलून मोजमाप घेतलं. आज कॉम्प्युटरवर आपण जे करतो त्याची बीजं तिथे आहेत.

कोपरा घोडीवर येऊन आदळतो तेव्हा घोडीवरचा जोर एकदम बदलतो, आणि पुढच्या फेरीपर्यंत हळूहळू चढत जातो. चढ, धाडकन उतार, चढ, धाडकन उतार. कागदावर काढलं तर करवतीचे दात दिसतात. प्रत्येक सिंथेसायझरमध्ये अशी लहर तयार असते, तिला सॉ म्हणजे करवतच म्हणतात. त्यामुळे पहिला प्रश्न सुटला: ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर बनवणारा भाग, सॉ हवा. सर्ज एक्सटी आणि व्हायटल ही दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात, दोन्हींत हे आहे.

करवतीच्या लहरीत सगळे उपस्वर असतात, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर. तानपुऱ्याचा खर्ज छेडल्यावर वर तरंगणारा स्वयंभू गंधार ज्यांनी ऐकलाय त्यांना उपस्वर शिकवायला नकोत. तो गंधार म्हणजे खर्जाचा पाचवा उपस्वर. करवतीत दुसऱ्या उपस्वराची उंची (म्हणजे आवाजाचा जोर) मूळ सुराच्या निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश, पाचव्याची एक पंचमांश, अशी उतरत जाते. छेडलेल्या तारेचे वरचे उपस्वर मूळ सुराच्या अचूक पटीपासून जरा सरकलेले असतात. गज मात्र प्रत्येक फेरीला सगळ्यांना एका शिस्तीत बांधतो, म्हणून गजाच्या सुरात ते अचूक पटीत राहतात. करवत इथे चपखल बसते ती यामुळेच.

तरीही नुसती करवत वाजवून बघा. हॉर्न वाटेल, भोंगा वाटेल, व्हायोलिन वाटणार नाही.

पहिली उणीव लाकडी पेटीची. तार स्वतः हवा फारशी हलवत नाही. घोडी तो थरथराट पेटीला देते आणि पेटी बोलते. पण पेटीच्या आवडीनिवडी असतात. व्हायोलिनच्या पोटातली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झला जोरात साथ देते, लाकडाचे मोठे कंप साडेचारशे ते साडेपाचशेच्या आसपास असतात, आणि दोन ते तीन हजारांच्या दरम्यान घोडीमुळे एक रुंद उंचवटा येतो. व्हायोलिन सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचतं त्यात या उंचवट्याचा मोठा वाटा आहे. सिंथेसायझरच्या पुढे एक इक्वलायझर लावून या तीन जागा उचला. एक गोष्ट मात्र नीट सांभाळा. सिंथेसायझरच्या फिल्टरला ‘की ट्रॅकिंग’ नावाची सोय असते, म्हणजे सूर वर गेला की फिल्टरही वर जातो. पेटीचं काम करणाऱ्या फिल्टरला ती बंद ठेवायची. सूर बदलला म्हणून लाकूड बदलत नाही. मी पहिले दोन महिने हीच चूक करत होतो आणि प्रत्येक सूर वेगळ्या मापाच्या वाद्यावर वाजल्यासारखा का वाटतोय ते कळत नव्हतं.

याहून चांगला एक मार्ग आहे, त्याला खरं वाद्य हाताशी लागतं. काकांनी व्हायोलिन दिलं. चारही तारांखाली रुमाल खुपसून त्या मुक्या केल्या, पंखा बंद केला (मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करणं म्हणजे काय ते इथल्यांना माहीत आहे), मोबाइल एक हात अंतरावर ठेवला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने घोडीच्या कडेला हलकेच टक् केलं. काकू आतून आल्या, “काय करलालास रे हे?” पंधरा-वीस टकटक रेकॉर्ड केल्या, त्यातली सर्वांत स्वच्छ एक कापून घेतली. पाव सेकंदाचीही नसलेली ती टिचकी म्हणजे त्या पेटीची सही आहे. पेटीला कोणता सूर आवडतो, कोणता नाही, हे सगळं त्यात येतं. ती टिचकी कन्व्होल्यूशन रिव्हर्ब या, एका आवाजावर दुसऱ्याचा ठसा उमटवणाऱ्या सोयीत घातली आणि करवत तिच्यातून सोडली. भोंगा गेला. लाकूड आलं. अंगावर काटा आला होता, खरंच.

पेटीचा आणखी एक गुण आहे. सूर किंचित वर-खाली हलला की प्रत्येक उपस्वर पेटीच्या वेगवेगळ्या उंचवट्या-खळग्यांवरून सरकतो. एक मोठा होतो तेव्हा दुसरा लहान होतो. म्हणून व्हायोलिनचा हलता सूर आतून चमकत राहतो. सिंथेसायझरमध्ये आधी सूर हलवायचा आणि त्यापुढे न हलणारी पेटी लावायची, हा क्रम त्यासाठी. पाश्चात्त्य धाटणीचा व्हायब्रेटो सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांचा असतो. आपल्या संगीतासाठी मी तो सरळ बंद करतो. दरबारीच्या कोमल गंधाराला यंत्राने मोजून दिलेले सारखे हेलकावे लावले तर तो दरबारीचा गंधार राहत नाही. त्याचं आंदोलन संथ असतं, प्रत्येक हेलकावा थोडा वेगळा, आणि जागाही कीबोर्डवरच्या पट्टीपेक्षा उतरलेली. ते हाताने, सूर वर-खाली ओढणाऱ्या पिच बेंडच्या चाकावर, दहा-दहा वेळा करून बसवावं लागतं. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता गज.

कीबोर्डवर बोट पडलं की सूर सुरू होतो आणि त्यानंतर वादकाच्या हातात फारसं काही उरत नाही. गजावर नेमकं उलटं: सूर सुरू झाल्यावर खरं काम सुरू होतं. उजवा हात प्रत्येक क्षणी तीन गोष्टी ठरवत असतो. गज किती वेगाने ओढायचा, त्यावर किती भार द्यायचा आणि घोडीपासून किती दूर ठेवायचा. वेग वाढला की आवाज मोठा होतो. भार वाढला की तो धावणारा कोपरा अधिक टोकदार होतो, वरचे उपस्वर वाढतात, आवाज उजळतो. घोडीजवळ गेलं की आवाज मोठाही होतो आणि उजळही, पण भार जास्त द्यावा लागतो. अमेरिकी संशोधक जॉन शेलेंग यांनी १९७३ मध्ये याची मर्यादा आखून दाखवली. प्रत्येक जागेला भाराची एक खालची आणि एक वरची हद्द असते. खालच्या हद्दीखाली गेलात तर तार दोनदा निसटते आणि आवाज वरवरचा, शीळ घातल्यासारखा येतो. वरच्या हद्दीपुढे गेलात तर नुसती करकर. घोडीच्या जवळ जावं तशी ही वाट अरुंद होते. नवशिक्याचं व्हायोलिन कानाला टोचतं ते या वाटेवरून पाय घसरतो म्हणून.

सिंथेसायझरमध्ये याचा अर्थ असा की आवाजाची उंची आणि उजळपणा यांसाठी दोन वेगळ्या रेषा हव्यात, आणि दोन्ही प्रत्येक सुरावर हाताने काढायला हव्यात. मी उंचीला एक्स्प्रेशनचा कंट्रोलर देतो आणि फिल्टरच्या उघडझापेला मॉड्युलेशनचं चाक. दोन्ही साधारण बरोबर चढतात, पण अगदी एकत्र चढू द्यायचे नाहीत. मीडमध्ये, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, वर जाताना मी उजळपणा आधी वाढवतो आणि उंची मागून. त्याने हात जड झाल्याचा भास होतो. नुसती उंची वाढवली तर कुणीतरी रेडिओचा आवाज मोठा केल्यासारखं वाटतं. हा फरक कळला त्या दिवशी मला काकांचा प्रश्न कळला.

खरखरही हवी. राळेचा आवाज सुराच्या मागे सतत असतो. सिंथेसायझरमधला नॉइज घ्या, खालचा भाग कापा आणि अगदी मंद ठेवा. पण तो सलग सोडला तर पाऊस पडतोय असं वाटतं. खऱ्या तारेवर ही खरखर प्रत्येक सुटण्याबरोबर बारीक फुत्कारासारखी येते, म्हणून नॉइजची उंची त्याच करवतीच्या तालावर कमी-जास्त करायची. मग ती सुरात विरघळते.

आणि सुराची सुरुवात. गज टेकल्यावर तो धावणारा कोपरा लगेच तयार होत नाही. आधी काही फेऱ्या गोंधळात जातात. क्नुट गुट्लर आणि आंदेर्स आस्केनफेल्ट या संशोधकांनी १९९७ मध्ये जाणकार श्रोत्यांकडून तपासलं तेव्हा दिसलं की गोंधळ चिरडल्यासारखा असेल तर कान तो साधारण ५० मिलिसेकंदांपर्यंत खपवून घेतो, तार निसटत राहिल्यासारखा असेल तर ९० पर्यंत. सिंथेसायझरच्या तयार आवाजात प्रत्येक सूर एकाच पद्धतीने उगवतो, आणि आपला कान ते तिसऱ्या सुरालाच पकडतो. मी पहिल्या ४० ते ८० मिलिसेकंदांत नॉइज जास्त ठेवतो, सूर अगदी किंचित अस्थिर ठेवतो, आणि हे आकडे दर सुराला बदलतो. एका गजातल्या दुसऱ्या-तिसऱ्या सुराला यातलं काहीच नको. तिथे सिंथेसायझर मोनो आणि लेगॅटोवर हवा, म्हणजे सूर बदलला तरी एन्व्हलप (सुराच्या उगवण्या-मावळण्याचा साचा) पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. पिच बेंडची मर्यादा बहुतेक ठिकाणी वर-खाली दोनच अर्धस्वरांची असते. ती बारा करून घ्या, नाहीतर मीड अर्ध्यातच संपते.

एक पर्याय असा की हे सगळं करवतीने न करता तारच कॉम्प्युटरमध्ये बांधायची. स्टॅनफर्डमध्ये ज्यूलियस स्मिथ यांनी रूढ केलेली ही पद्धत. समजा, दुष्काळात टँकरपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी राहून घागरी हातोहात देत आहेत. तशी आकड्यांची एक रांग घोडीकडे जाते, दुसरी परत येते, आणि मधे गज उभा राहून प्रत्येक आकड्याला धरायचं की सोडायचं ते ठरवतो. सेकंदाला ४४,१०० आकडे धरले तर १९६ हर्ट्झच्या तारेला फेरीत फक्त २२५ आकडे लागतात. यामाहाने १९९४ मध्ये व्हीएल१ हे वाद्य याच तत्त्वावर काढलं. सीसाउंड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अशी गजाची तार आहे. ती वाजवली तर भार चुकल्यावर खरोखर करकरते, म्हणून शिकायला उत्तम आहे. काम उरकायला करवतच बरी.

रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या मोठमोठ्या लायब्ररी मिळतात, त्या सुंदरही असतात, पण त्यातला गज दुसऱ्या कुणाचा तरी असतो. मागे वीस व्हायोलिनांचा समूह हवा असेल तर काम बरंच सोपं आहे: सहा-सात करवती एकमेकींपासून थोड्या थोड्या बेसूर करा, वर कोरस (एकाच आवाजाच्या किंचित सरकत्या प्रती मिसळणारी सोय) लावा. गर्दीत एकट्याचा हात लपतो. सोलिना नावाचा १९७४ चा कीबोर्ड तर मुख्यतः कोरसवरच गाजला.

पण मला एकटी सारंगी हवी होती. सारंगीला व्हायोलिनसारखी लाकडी छाती नसते. एकाच लाकडात कोरलेल्या पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं, तारा आतड्याच्या असतात आणि बोटं वरून न दाबता नखांच्या मुळाशी तारेला कडेने टेकवतात. म्हणून तिचा आवाज व्हायोलिनपेक्षा नाकातला आणि माणसाच्या गळ्याजवळचा. आणि खाली पस्तीसेक तरफा, म्हणजे साथीच्या तारा, ज्यांना कुणी छेडत नाही. मुख्य तारेवर आपला सूर आला की त्या आपोआप बोलतात. काकांच्या पेन्सिलीची टिचकी इथे अर्धीच कामाची होती. मी हजार ते दीड हजार हर्ट्झचा भाग उचलला, दोन-तीन हजारांचा उंचवटा खाली आणला आणि तरफांसाठी छोटे छोटे डिले, म्हणजे आवाज क्षणभराने पुन्हा ऐकवणारे प्रतिध्वनी, लावले. षड्ज काळी एकचा, म्हणजे साधारण २७७ हर्ट्झ. एक सेकंद भागिले २७७, म्हणजे ३.६१ मिलिसेकंद. एवढ्या वेळाचा डिले ठेवून फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा त्यातच सोडणं) बराच वाढवला की तो फक्त षड्जाला आणि त्याच्या उपस्वरांना ओ देतो. पंचमाला २.४१. पस्तीस लावले नाहीत; दरबारीच्या सुरांचे आठ पुरले. ते इतके मंद ठेवले की वाजताना कळू नयेत आणि सूर थांबल्यावरच मागे उरलेले ऐकू यावेत.

प्रयोगाच्या चार दिवस आधी तो तुकडा घेऊन पुन्हा काकांकडे गेलो. पन्नास सेकंदांचा होता. सुरुवातीला अर्धा सेकंद सूरच नव्हता, गज तारेवर टेकल्याची नुसती खरखर ठेवली होती. काकांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ऐकता ऐकता त्यांचा उजवा हात मांडीवर मागे-पुढे सरकायला लागला, आणि तिसऱ्या सुरापाशी थांबला.

“इथं गज पालटलास,” ते म्हणाले. “पालटताना मनगट आधी वळवायचं, हात नंतर. तुझा हात आधी वळतोय. पुन्हा लाव.”

मी पुन्हा लावलं. पालटण्याच्या जागी मी आवाज सरळ शून्यापर्यंत उतरवून परत चढवला होता. त्यांनी व्हायोलिन काढून दाखवलं: वेग शून्यावर येतो, पण भार उचलला जात नाही, तार पेटीत बोलत राहते. घरी येऊन दोन्ही रेषा वेगळ्या केल्या. उंचीची रेषा निम्म्यापर्यंतच उतरवली, उजळपणाची जवळजवळ तशीच ठेवली, आणि नव्या गजाच्या तोंडाशी खरखरीचा एक ठिपका दिला. पन्नास सेकंदांत गज अकरा वेळा पालटला होता. रात्री अडीचपर्यंत नऊ झाले.